घरगुती ध्वनिमुद्रणाच्या आडवाटेच्या पद्धती (मुंबई)

स्टुडिओ आणि महागडी यंत्रे यांच्यावाचून, राहत्या घरातल्या वस्तूंनाच वाद्य, माईक किंवा प्रतिध्वनीची खोली बनवून संगीत रचण्याच्या व मुद्रित करण्याच्या या पद्धती. मुंबईत जागेच्या टंचाईने त्यांना खास वळण दिले आहे. दहा बाय बाराच्या खोलीत घरची माणसे झोपलेली, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही, खाली रस्ता. इथे शांतता विकत मिळत नाही, ती वेळ साधून मिळवावी लागते.

जगात या वाटेला जुना इतिहास आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या न्हाणीघराचा प्रतिध्वनी गाण्यात वापरला. १९४८ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांनी गॅरेजमध्ये एकट्याने गिटारचे थरावर थर चढवले, त्यातले काही निम्म्या वेगाने मुद्रित करून. १९७९ साली कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे ‘पोर्टास्टुडिओ’ आले आणि ही सोय घराघरांत पोहोचू लागली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांनी काचेच्या पेल्यावर चमचा, बाटल्यांत मारलेली फुंकर असे आवाज आणले. ते काम स्टुडिओतले, पण त्यांचा कान घरातलाच होता.

मुंबईकर मुद्रकाची पहिली लढाई वेळेशी असते. शेवटची लोकल गेल्यावर पहाटेची पहिली सुटेपर्यंतचे दोन-तीन तास, साधारण एक ते चार, हा खरा मुद्रणकाळ. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे या वेळात ढोलकी वाजवता येत नाही, पण हलक्या आवाजातले गाणे, बासरी, तंतुवाद्ये निभावतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून मोबाइलचा चार्जर फ्रिजमध्येच ठेवून द्यायचा. झोपण्यापूर्वी तो शोधावाच लागतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने अर्थिंग ढिले असलेल्या घरात चार्जर लावला की मुद्रणात ५०, १००, १५० हर्ट्‌झची गुणगुण उतरते, आणि ती तानपुऱ्याच्या सुराखाली मिसळली की काढणे जिकिरीचे होते.

गोधडी हे या शहरातले सर्वांत उपयोगी उपकरण. दोन खुर्च्यांवर गोधडी टाकून तिच्या आत बसून गायले की भिंतींवरून परतणारा आवाज बराच कमी होतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट गाणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर आणखी चांगले. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा : गोधडी खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा हॉर्न अडवत नाही. तो अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेले दार लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून तर यातले काहीच नीट साधत नाही. खर्जापुढे गोधडीही हतबल असते. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ५६ हर्ट्‌झचा सूर अडकून फुगतो, म्हणून ढोलकीची धुम एका कोपऱ्यात गडगडते आणि खोलीच्या मध्यावर नाहीशी होते. माईक हातात धरून फिरत, कानाने जागा शोधणे हाच त्यावरचा उपाय.

घुमारा हवा असेल तर मोरी आणि जिना. फरशीच्या मोरीत छोटा स्पीकर ठेवून कोरडे, म्हणजे घुमारा नसलेले गाणे वाजवायचे, दारापाशी दुसऱ्या मोबाइलवर ते टिपायचे आणि मूळ गाण्यात चवीपुरते मिसळायचे. जुन्या चाळीचा लाकडी जिना याहून गोड उत्तर देतो. तिथे रोज रात्री जाणे शक्य नसेल, तर दुपारी एकदाच फुगा फोडून तो आवाज मुद्रित करावा. त्या एका फटाक्यात जिन्याचा सारा प्रतिध्वनी साठतो आणि संगणकावर ‘कन्व्होल्यूशन’ प्रक्रियेने तो कोणत्याही आवाजाला देता येतो. चाळ पुनर्विकासाला जाण्यापूर्वी हा फुगा फोडून ठेवलाच पाहिजे. इमारत गेल्यावर तिचा आवाज दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारी पितळी पिझो चकती ही स्पर्श-माईक म्हणून, म्हणजे वस्तूला चिकटून तिचा कंप टिपणारा माईक म्हणून वापरतात. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला. चकतीला जाळीवेष्टित वायर डाखायची आणि गिटारसाठीच्या इनपुटला जोडायची. साध्या माईक-इनपुटला जोडल्यास आवाज किरटा येतो. ती स्टीलच्या कपाटाला कागदी टेपने चिकटवून, दुसऱ्या टोकाला स्पीकर टेकवून गाणे सोडले की पत्रा स्वतः घुमू लागतो. १९५७ सालच्या, स्टुडिओत घुमारा देणाऱ्या जर्मन ‘इएमटी १४०’ यंत्रात टांगलेला पोलादी पत्रा हेच काम करी. मात्र ते यंत्र अडीचशे किलोंहून जड होते, आणि कपाट घरात आधीच उभे असते. पत्र्याला आतून कपडे टेकलेले नसावेत, नाहीतर घुमारा लगेच मरतो.

घरातल्या वस्तू वाद्य होणे आपल्याला नवे नाही. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकल्या जातात, तेव्हा आतल्या हवेचा कंप ऐकू येतो. घागरीत पाणी घातले की हवेची जागा कमी होऊन सूर चढतो. जलतरंगाच्या वाटीत मात्र पाणी वाढवले की सूर उतरतो, कारण तिथे वाटीच कंप पावते आणि पाण्याचा भार तिला मंद करतो. दोन्ही एकाच स्वरात मिळवून एकामागून एक मुद्रित केली, तर स्वर तोच राहून आवाजाचा पोत पालटतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुती दोरा हीदेखील अशीच करामत. तो केसभर हलला की जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, खुलते किंवा बंद होते. हे प्रत्यक्ष ऐकलेल्या कानाला गिटारच्या तारेत कागदाची पट्टी अडकवायला कुणी शिकवावे लागत नाही.

दोन मोबाइलवर एकाच वेळी मुद्रण करताना सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवावी. दोन्ही यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात, त्यामुळे लांब ट्रॅकमध्ये पडलेले अंतर शेवटच्या टाळीवरून मोजून काढता येते.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या घरांत गाणे मुद्रित करणे जवळपास थांबते. तेव्हा अनेक जण खिडकीच्या गजाला पिझो लावून पाऊसच टिपतात. गजातून येणारा थेंबांचा आवाज धातूचा, सुरेल आणि जवळचा असतो, आणि त्यात रस्त्यावरचा हॉर्न फार कमी उतरतो.