हिरवी टिक आणि वल्ह्याची होडी

रत्नागिरीच्या एखाद्या कॉलेजात सरांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा गृहपाठ दिलाय असं धरा. ‘नौका’ नावाचा क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, लिहायचा, त्यातून ‘यांत्रिकी नौका’ आणि ‘वल्ह्याची होडी’ हे दोन वारस, म्हणजे मूळ साच्याचे गुण आपोआप घेणारे क्लास, काढायचे. तपासायला शंभर वह्या, म्हणून सर आपोआप चालणारी चाचणी लिहितात. ती ‘इजसबक्लास’ या फंक्शनला एकच गोष्ट विचारते: यांत्रिकी नौका ही नौकेची वारस आहे का?

एक हुशार आळशी पोरगा लिहितो, ‘यांत्रिकी नौका = नौका’. वारसा नाही, नवा क्लासही नाही, जुन्यालाच दुसरं नाव. तरी हिरवी टिक! कारण पायथॉनच्या लेखी प्रत्येक क्लास स्वतःचाही उपक्लास, म्हणजे वारस, असतो.

याहून गमतीशीर प्रकार लांबीचा. पायथॉनमध्ये ‘साइज्ड’ नावाचा एक अमूर्त क्लास आहे, आत किती घटक आहेत ते मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी. पण तो जन्मदाखला, म्हणजे कोण कुणाचा वारस ही नोंद, मागतच नाही. क्लासमध्ये ‘लेन’ ही खास मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) दिसली की झालं. कुणी तिच्यातून होडीची फुटांतली लांबी परत केली, तरी होडी ‘साइज्ड’ची वारस ठरते. खलाशांची संख्या पूर्णांक आहे का, ही तपासणीही अशीच फसते: तिथे ‘ट्रू’ लिहिलं तरी चालतं, कारण ‘बूल’ (खरं-खोटं सांगणारा प्रकार) हा ‘इंट’चा (पूर्णांकांचा प्रकार) खराखुरा वारस आहे.

माझ्या मते सगळ्यात महाग पडतो तो खरा वारसा. कोड वाचवायला कुणी वल्ह्याची होडी थेट यांत्रिकी नौकेतून काढली, तर चाचणीचा ‘हो’ शंभर टक्के खरा. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, ती यांत्रिकी नौकांना. बिगर यांत्रिकी होड्यांना सूट. बंदीचा नियम वारशाने होडीत उतरला, की प्रोग्राम वल्हेवाल्यालाही घरी बसवतो. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या व्याख्यानात हेच मांडलं होतं: मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकार ठेवला तर प्रोग्रामचं वागणं बदलता कामा नये.

म्हणून सरांनी वागणूक विचारावी. ३ जूनला होडी समुद्रात जाऊ शकते का? ‘नौका’ आणि ‘यांत्रिकी नौका’ या दोन्ही नावांमागे वेगवेगळे क्लास आहेत ना? आणि ‘नाही’ हेच उत्तर यायला हवं असा एक प्रश्न मुद्दाम घालावा: रापणीचं जाळं नौकेचं वारस आहे का? तिथेही ‘हो’ आलं, तर आधी चाचणी दुरुस्त करावी, पोरांचे मार्क नंतर.