स्वज्ञानाची जाण आणि शैक्षणिक कामगिरी

आपल्याला काय येते, काय येत नाही आणि काय नुसते आल्यासारखे वाटते, हे ओळखण्याची विद्यार्थ्याची क्षमता म्हणजे स्वज्ञानाची जाण. शिक्षणशास्त्रात ती ‘मेटाकॉग्निशन’ (स्वतःच्या विचारप्रक्रियेची जाण आणि तिच्यावरचे नियंत्रण) या व्यापक संकल्पनेत मोडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात ही संकल्पना रुजवली.

या जाणिवेचा परीक्षेतील गुणांवर परिणाम होतो तो अभ्यासाच्या निर्णयांमधून. कोणता धडा पुन्हा काढायचा, कुठे थांबायचे, हे विद्यार्थी स्वतःच्याच अंदाजाने ठरवतो. अंदाज चुकला की कच्चा धडा कच्चाच राहतो आणि वेळ पक्क्या धड्यावर खर्च होतो. मेहनत करूनही गुण न मिळणाऱ्या मुलांना सरसकट आळशी ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

अंदाज चुकण्याचे मोठे कारण म्हणजे ओळखीचे वाटणे. सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते. पुस्तक मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर मांडायला घेतले की दुसऱ्याच पायरीला हात अडतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने आधी वाचून मग तो तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्केच मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या लक्षात जास्त राहील, असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या १९९९ च्या अभ्यासात चाचणीत तळाच्या चतुर्थांशातील विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी १२ व्या शततमकावर (म्हणजे शंभरातल्या फक्त १२ जणांच्या पुढे) होते, पण स्वतःला ६२ व्या शततमकाच्या आसपास समजत होते. या तफावतीचा काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय, म्हणजे आकडेमोडीच्या पद्धतीतूनच येणारा, असल्याचा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो विचारात घ्यायलाच हवा. शिवाय कार्यकारणभाव एकेरी नाही: विषय पक्का असला की स्वतःची चूकही लवकर दिसते.

मोजण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. ग्रेगरी श्रॉ आणि रेन डेनिसन यांची १९९४ ची ५२ विधानांची प्रश्नावली बरीच वापरली जाते. पण विद्यार्थ्याने स्वतःबद्दल दिलेल्या अशा उत्तरांचा गुणांशी संबंध सहसा क्षीणच आढळतो. पेपरआधी वर्तवलेले गुण मिळालेल्या गुणांशी ताडून पाहणे अधिक बोलके ठरते.

अंदाज सुधारता येतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवले की, शब्दजोड्या पाठ केल्यावर लगेच अंदाज बांधण्यापेक्षा काही मिनिटे जाऊ देऊन बांधलेला अंदाज कितीतरी अचूक असतो. मात्र त्या वेळी जोडीतला पहिला शब्दच समोर हवा. दुसरा शब्दही दिसत असेल तर हा फायदा बराचसा नाहीसा होतो.