आरमधला फॅक्टर: अक्षरांआड दडलेले आकडे

२४ एप्रिल २०२० रोजी संख्याशास्त्रासाठीच्या आर या प्रोग्रॅमिंग भाषेची ४.०.० ही आवृत्ती आली आणि ‘स्ट्रिंग्ज अ‍ॅज फॅक्टर्स’ (मजकुराचे फॅक्टर करा) या पर्यायाचं डिफॉल्ट ‘ट्रू’चं ‘फॉल्स’ झालं. त्याआधी डेटा फ्रेम, म्हणजे आरमधला तक्ता, बनवताना किंवा सीएसव्ही फाइल वाचताना मजकुराचा प्रत्येक कॉलम न विचारता फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचा (पातळ्यांचा) कॉलम, होत असे.

या सवयीचं मूळ आरच्या आधीच्या एस या भाषेत आहे. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली तिचं काम सुरू केलं. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात मॉडेल बसवण्याच्या सोयी आल्या, डेटा फ्रेमही तेव्हाचीच. संख्याशास्त्रज्ञाच्या तक्त्यात मजकूर म्हणजे बहुधा गट: खताचा प्रकार, रुग्णाचा गट. रिग्रेशनमध्ये, म्हणजे एका राशीवर इतरांचा परिणाम मोजताना, अशा पाच गटांचे शून्य-एकचे चार कॉलम करावे लागतात आणि पहिली पातळी तुलनेचा पाया ठरते. त्यामुळे मजकूर आला की फॅक्टर करा, हे तेव्हा सोयीचंच होतं. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवली, तेव्हा हा वारसा तिच्याकडे आला.

जागेचाही हिशेब होता. फॅक्टर म्हणजे आतून पूर्णांकांचा व्हेक्टर (रांग), वर पातळ्यांच्या नावांची यादी. लाख ओळींत तीनच नावं असतील तर ती एकेकदाच साठवायची. २००७ मध्ये २.६.० आवृत्तीपासून आर प्रत्येक वेगळी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) मेमरीत एकदाच ठेवू लागली आणि हा फायदा जवळपास संपला. डिफॉल्ट मात्र आणखी तेरा वर्षं तसंच राहिलं.

त्रास व्हायचा तो इथे. आकड्यांच्या कॉलममध्ये एखादी ‘-’ किंवा ‘१२,५००’मधला स्वल्पविराम आला की अख्खा कॉलम मजकूर ठरे, मग फॅक्टर. ४०, ५, १०० या मजकुराच्या पातळ्या अक्षरक्रमाने लागतात: १००, ४०, ५. त्यावर थेट आकड्यांत बदलणारं ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’ चालवलं की हाती येतात पातळ्यांचे क्रमांक: २, ३, १. एरर नाही, वॉर्निंगही नाही. सरासरीसुद्धा निमूट निघते. आधी ‘अ‍ॅज डॉट कॅरेक्टर’, मग ‘अ‍ॅज डॉट न्यूमेरिक’, म्हणजे आधी मजकूर करून मग आकडे, हाच उतारा. यादीत नसलेलं नाव फॅक्टरमध्ये घातलं तर एनए (‘माहिती नाही’) पडतो, पण तिथे निदान वॉर्निंग मिळते.

अक्षरक्रम संगणकाच्या लोकॅलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठरतो, ही आणखी एक मेख. कुठे मोठा ‘बी’ लहान ‘ए’च्या आधी, कुठे नंतर, म्हणजे तुलनेचा पाया बदलतो आणि रिग्रेशनचे सहगुणकही. डिफॉल्ट बदलण्यामागे हे एक मोठं कारण होतं. पातळ्यांचा क्रम महत्त्वाचा असेल तर ‘लेव्हल्स’ (पातळ्या) स्वतः लिहून द्यावेत.

दोन फॅक्टर जोडणीच्या ‘सी’ या फंक्शनने जोडले की नुसते आतले पूर्णांक हाती यायचे, ते २०२१ मध्ये ४.१.० आवृत्तीत सुधारलं. कॉलम आता मजकूरच राहत असल्याने जुन्या स्क्रिप्ट मात्र उलट्या बाजूने अडतात: ‘लेव्हल्स’ विचारलं की ‘नल’ (काहीच नाही), आणि ‘समरी’त (गोषवाऱ्यात) गटवार मोजणीच्या जागी फक्त लांबी आणि प्रकार.