चुना किती टाकायचा? आम्ल जमिनीवरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मातीचा सामू (pH; 7 म्हणजे उदासीन, त्याखाली जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) 4.8 आला, तर हेक्टरी किती चुनखडी टाकायची? तीन पद्धतींनी हिशेब मांडला तर तीन उत्तरं येतात, आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या तिप्पटही असू शकतं. प्रयोगशाळेनं घोळ घातलेला नसतो. आम्लता नेमकी कशामुळे, या प्रश्नाची जी वेगवेगळी उत्तरं वेगवेगळ्या काळात दिली गेली, ती या पद्धतींमध्ये अजून जिवंत आहेत.

चुना टाकण्याची प्रथा मात्र या प्रश्नापेक्षा फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन लिखाणात गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधले शेतकरी चुनखडीयुक्त चिकणमाती खणून शेतात पसरत असल्याचे उल्लेख आहेत. त्यानंतरची कित्येक शतकं हे काम अनुभवावरच चाललं. चुन्यानं बाप श्रीमंत होतो आणि पोरगा कंगाल, अशी एक म्हणही युरोपात रूढ झाली. ती उगाच पडलेली नाही. सामू वाढला की मातीतले जिवाणू जोमानं कामाला लागतात, सेंद्रिय पदार्थ भराभर कुजतो, साठलेलं नत्र मोकळं होतं आणि काही वर्षं पीक जोरात येतं. त्या काळात शेणखत घातलं नाही, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला रिकामी जमीन येते.

'आम्ल' हा शब्द या व्यवहारात ठामपणे आणला तो व्हर्जिनियातल्या एका जमीनदारानं, 1832 च्या पुस्तकात. त्याचं म्हणणं असं, की पिकं न येणाऱ्या जमिनीत वनस्पतींपासून तयार झालेलं आम्ल असतं आणि चुन्यानं ते मारता येतं. त्यासाठी त्यानं स्वतःच्या मळ्याखालचे प्राचीन शिंपल्यांचे थर उपसून शेतात पसरले. उपसण्याचं काम गुलामांनी केलं, हे शेतीच्या इतिहासात बहुतेक वेळा गाळलं जातं. त्याचं रसायन अर्धवट होतं, निदान मात्र बरोबर.

रासायनिक खतं आल्यावर प्रश्नाचं रूपच बदललं. तोवर आम्लता हा जमिनीचा जन्मजात दोष मानला जाई. इंग्लंडमध्ये हार्पेंडनच्या कुरणावर 1856 पासून चाललेल्या प्रयोगात वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट घेणाऱ्या तुकड्यांचा सामू घसरत घसरत चारच्याही खाली गेला. कुरणातल्या बहुतेक वनस्पतींच्या जाती नाहीशा झाल्या आणि न कुजलेल्या काडीकचऱ्याचा जाड थर वर साठत गेला. इंग्लंडमध्येच वोबर्नला गहू आणि बार्लीच्या प्रयोगांतही हेच खत घातलेल्या वाफ्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीक धरेना. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. रूढ हिशेबानं 100 किलो अमोनियम सल्फेटनं केलेली आम्लता मारायला सुमारे 110 किलो शुद्ध चुनखडी लागते, म्हणजे खतापेक्षा जास्त. युरियाला हाच आकडा साधारण 83 किलो पडतो.

1909 मध्ये कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेत सामूची मोजपट्टी तयार झाली आणि मातीच्या आम्लतेला आकडा मिळाला. त्यासोबत एक मोहही आला. मोजपट्टीच्या मधोमध 7 असल्यानं सगळ्यांचं लक्ष तिथं लागलं. समशीतोष्ण प्रदेशातल्या शेतीत त्यानं फारसं बिघडलं नाही, कारण तिथं फेरपालटात लसूणघास आणि क्लोव्हरसारखी पिकं असत आणि त्यांना साडेसहाच्या आसपासचा सामू मानवतो. सरकारंही मदतीला होती. ब्रिटनमध्ये शेतीचुन्यावर 1937 ते 1976 अनुदान होतं. चुना स्वस्त असला की तो किती टाकायचा यावर कोण डोकं खाजवतो?

आता मूळ भांडण. आम्ल जमिनीत पिकाला मारतं कोण, हायड्रोजन की अ‍ॅल्युमिनियम? विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत आम्ल मातीतून क्षाराच्या द्रावणानं काढलेल्या अर्कात अ‍ॅल्युमिनियम सापडलं होतं, आणि 1918 पर्यंत ते बार्लीच्या मुळांना घातक असल्याचंही दाखवून झालं होतं. पण 1920 च्या दशकात चिकणमातीची आम्लता साध्या सौम्य आम्लासारखी, हायड्रोजनच्या हिशेबानं मोजता येते हे मत जोर धरू लागलं आणि अ‍ॅल्युमिनियम जवळपास तीस वर्षं बाजूला पडलं. 1940-50 च्या दशकांत सोव्हिएत आणि अमेरिकी संशोधकांना उलटंच दिसलं. प्रयोगशाळेत मुद्दाम हायड्रोजननं भरलेली चिकणमाती टिकतच नाही. तिचे स्फटिक आतून विरघळतात आणि थोड्याच काळात ती आपोआप अ‍ॅल्युमिनियमनं भरते. म्हणजे शेतात इतकी वर्षं जी 'हायड्रोजनची माती' मोजली जात होती, ती बहुतांशी अ‍ॅल्युमिनियमचीच होती. 1961 मध्ये एका ज्येष्ठ मृदाशास्त्रज्ञानं या सगळ्या प्रवासाला जत्रेतल्या फिरत्या चक्राची उपमा दिली. ती लागू पडते, फक्त या चक्रात तीस वर्षांच्या शिफारशी बसल्या होत्या.

मुळं उपटून पाहिली तर वाद इतका का लांबला याचं नवल वाटतं. अ‍ॅल्युमिनियमनं बाधलेलं मूळ आखूड, जाड आणि ठिसूळ असतं, टोकाशी तपकिरी पडलेलं, आणि बारीक उपमुळं जवळजवळ नसतातच. जमिनीत खाली ओल असते, पण मूळ तिथवर पोचत नाही, आणि पीक चार दिवसांच्या उघडिपीतही माना टाकतं. सामू साडेपाचच्या वर गेला की विद्राव्य अ‍ॅल्युमिनियम जवळपास संपतं. मग सातपर्यंत जायचं कशाला?

हाच प्रश्न 1970 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून सरळ आकड्यांत मांडला गेला. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणानं मातीतलं विनिमयक्षम (म्हणजे कणांना सैल चिकटलेलं, सुटून येणारं) अ‍ॅल्युमिनियम काढा, ते मोजा, दीडपट करा आणि तेवढाच चुना टाका. वरच्या 20 सेंटिमीटर थरासाठी, दर किलो मातीत 1 सेंटिमोल (रसायनशास्त्रातलं प्रमाण मोजायचं एकक) अ‍ॅल्युमिनियम असेल तर हेक्टरी साधारण दीड टन चुनखडी. उष्ण कटिबंधातल्या झिजलेल्या लाल जमिनींसाठी माझ्या मते चुन्याच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. या जमिनींत लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आणि सेंद्रिय पदार्थ सामू वाढू देत नाहीत. साडेपाचच्या पुढे टाकलेला बराचसा चुना तेच गिळतात, आणि त्यातूनही सामू वर गेलाच तर जस्त, मंगल (मँगनीज), बोरॉन यांची टंचाई सुरू होते. सातच्या हट्टापायी उत्पादन घटल्याची उदाहरणं त्याआधीच पुढं आली होती.

सगळ्यांना हे पटलं नाही, आणि विरोधकांची बाजू पोकळ नव्हती. चुन्यानं सामू चढतो तसा अशा जमिनींच्या कणांवरचा ऋण विद्युतभारही वाढतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) धरून ठेवायची ताकद येते. केवळ विषबाधा काढून थांबलं तर हा फायदा हातचा जातो. ब्राझीलच्या साओ पावलोत 1980 च्या दशकात पुढं आलेली पद्धत यावरच उभी आहे. एकूण धारणक्षमतेपैकी किती टक्के जागा कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाशनं भरलेली आहे ते पाहायचं आणि पिकानुसार ती 50 ते 70 टक्क्यांपर्यंत न्यायची. तिसरी पद्धत समशीतोष्ण प्रदेशातली, ओहायोत 1961 मध्ये बसवलेली. ठरावीक सामूच्या द्रावणात माती घुसळायची, द्रावणाचा सामू किती उतरला ते वाचायचं आणि तक्त्यातून टन काढायचे. झटपट आणि स्वस्त, म्हणून ती प्रयोगशाळांत पसरली. त्या द्रावणात क्रोमियमचा विषारी क्षार होता. दशकानुदशकं तो वापरला गेला आणि निर्धोक पर्याय सर्रास यायला 2000 नंतरचा काळ उजाडला.

मोठी परीक्षा ब्राझीलच्या सेराडोत झाली. सुमारे 20 कोटी हेक्टरांचा सवाना प्रदेश, माती खोल आणि सपाट, पण अ‍ॅल्युमिनियमनं भरलेली आणि स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) नावानं शून्य. 1970 च्या दशकापासून तिथं चुना आणि स्फुरद घालून सोयाबीन उभं राहिलं. चुन्याची प्रत हाही हिशेबाचा भाग झाला. ब्राझीलच्या मोजणीत 2 मिलिमीटरपेक्षा जाड कणांची किंमत शून्य धरतात आणि 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक कणांची पूर्ण. एवढा चुना ओतून गवताळ रान मोडलं गेलं, त्या नुकसानीचा हिशेब फार नंतर मांडायला घेतला.

चुना खाली उतरत नाही, ही अडचण सेराडोतच ठळक झाली. नांगरट बंद करून तो पृष्ठभागावर टाकला तर वरचे काही सेंटिमीटर सुधारतात, खालचं अ‍ॅल्युमिनियम तसंच राहतं. म्हणून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) पुढं आलं. त्यानं सामू जवळपास वाढत नाही, पण सल्फेटसोबत कॅल्शियम खोल जातं आणि अ‍ॅल्युमिनियमचा जाच कमी होतो. दुसऱ्या टोकाला जमिनीऐवजी पीक बदलायचा विचार होता. गव्हाच्या सहनशील वाणांची मुळं टोकांतून मॅलेट हा सेंद्रिय आम्लाचा प्रकार सोडून अ‍ॅल्युमिनियम बांधून टाकतात, आणि त्यामागचं जनुक 2004 मध्ये हाती लागलं. मात्र असा वाण खतानं येणारी आम्लता थांबवत नाही. चुना टाळत गेलं तर जमीन आणखी घसरते.

अलीकडचा वाद कार्बनचा. हरितवायूंच्या मोजणीसाठी 2006 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत चुनखडीतला सगळा कार्बन हवेत जातो असं धरलं आहे, म्हणजे टनामागे 0.44 टन कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेच्या राष्ट्रीय मोजणीत याच्या निम्म्याच्या आसपासचा गुणक वापरतात, कारण चुनखडी कशात विरघळते त्यावर सगळं अवलंबून आहे. खतातून आलेल्या नायट्रिक आम्लात विरघळली तर वायू सुटतो. मातीतल्या पाण्यात मुरलेल्या कार्बन डायऑक्साइडनं विरघळवली तर तिचं बायकार्बोनेट होऊन नदीत जातं आणि उलट थोडा वायू शोषला जातो. त्यातून मोजणीच्या वह्यांत चुन्याचं खातं वेगळं आणि नत्र खतांचं वेगळं. अमोनियम खतानं केलेली आम्लता मारताना जो वायू निघतो, तो आजही चुन्याच्याच नावावर लिहिला जातो.