बंद घरातला डीव्हीडी प्लेअर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मालवणच्या बाजारपेठेतील आमच्या दुरुस्तीच्या दुकानात वर्षभर अधूनमधून येणारे डीव्हीडी प्लेअर गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात आणि मे महिन्यात एकदम वाढतात. मुंबईहून चाकरमानी येतात, बंद घर उघडते, जाळी-जळमटे निघतात, माजघरातल्या कपाटावरचा प्लेअर पुसून मुलांसाठी लावला जातो आणि तो डिस्क वाचत नाही असे लक्षात येते. नवा प्लेअर विकत घेणारे ग्राहक आता फार थोडे उरले आहेत. परंतु लग्नाचे, मुंजीचे किंवा गावच्या जत्रेतील दशावताराचे चित्रण ज्यांच्याकडे केवळ डिस्कवर आहे, त्यांना हे यंत्र टाकून देणे परवडणारे नाही. असे ग्राहक दुकानात येऊन जे अनुभव सांगतात, त्यांतील वारंवार ऐकू येणारे अनुभव, त्यांमागची कारणे आणि घरी करता येण्याजोगे उपाय येथे दिले आहेत. आमच्याकडे येणारे बहुतेक प्लेअर वापरून झिजलेले नसतात, तर न वापरता दमट हवेत पडून राहिल्याने अडलेले असतात. काहींमध्ये तर मुळात बिघाडच नसतो.

डिस्क आत जाते, चित्र येत नाही

“डिस्क आत घेता, पण काय दाखवणा नाय,” ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. डीव्हीडीवरील माहितीची आतून बाहेर उलगडत जाणारी एकच रेघ असते आणि तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत अवघे ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असते. साध्या सीडीत हेच अंतर १.६ मायक्रॉन असते. डीव्हीडी वाचण्यासाठी प्लेअर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर वापरतो, तर सीडी आणि व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरतो. त्यामुळे गाण्यांची सीडी सुरळीत वाजते, पण डीव्हीडी टाकली की ‘नो डिस्क’ असे दिसते, किंवा नेमके याच्या उलट घडते, तेव्हा दोनपैकी एकच लेसर क्षीण झाला असण्याचा संभव असतो. प्लेअर घेऊन येताना दोन्ही प्रकारच्या डिस्क लावून पाहिल्या होत्या का, एवढे सांगितले तरी आमचे अर्धे निदान तिथेच होते.

तथापि लेसर क्षीण होण्यापेक्षा लेन्स मळणे हे कारण कितीतरी अधिक आढळते. ट्रेखाली वर तोंड करून बसलेली ही लेन्स हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यावर कोणतेही झाकण नसते. झाकण काढलेल्या प्लेअरमध्ये तिच्यावर एक दुधी पापुद्रा दिसतो, ज्यात उदबत्तीचा आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातून आलेली तेलकट वाफ आणि बारीक धूळ एकजीव झालेली असते. पावसाळ्यात त्याला खाऱ्या ओलाव्याची जोड मिळते. देवघर आणि टीव्ही एकाच खोलीत असलेल्या घरांतील प्लेअर आम्हाला लेन्सवरूनच ओळखता येतात. कधी आत पालीची अंडी किंवा झुरळांचे अवशेषही सापडतात, कारण बंद घरात मागच्या जाळीतून आत शिरायला त्यांना कोणाची आडकाठी नसते.

लेन्स साफ करणे अवघड नाही, परंतु ती अतिशय बारीक तारांवर तरंगती टांगलेली असल्याने बोटाने किंवा फडक्याने जोर देऊन पुसल्यास कायमची निकामी होते. शिवाय प्लेअरचे झाकण घरी उघडू नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आतील वीजपुरवठ्याच्या भागात २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठून राहू शकतो. बाजारात मिळणारी ब्रशची क्लीनिंग डिस्क कोरड्या धुळीवर उपयोगी पडते. तेलकट थरावर मात्र ती फारसे काही करू शकत नाही, उलट जुन्या लेन्सला तिचा फटका बसण्याची भीती असते.

मुंबईहून प्लेअर आणणाऱ्यांसाठी एक सूचना. वातानुकूलित गाडीतून उतरवलेला थंड प्लेअर पावसाळी दमट हवेत येताच त्याच्या लेन्सवर दव जमते आणि तो डिस्क वाचत नाही. अशा वेळी तो बंद ठेवून एक-दोन तास खोलीच्या हवेत राहू द्यावा. यासाठी दुकानात येण्याचे कारण नाही.

ट्रे अडकणे

महिनोन्महिने बंद राहिलेल्या प्लेअरचा ट्रे उघडत नाही किंवा अर्धवट उघडून परत आत जातो, याला बहुधा आतील लहानसा रबरी पट्टा कारणीभूत असतो. तो ताणलेल्या अवस्थेत एकाच जागी राहिल्याने सैल किंवा चिकट होतो आणि मोटर फिरली तरी ट्रे हलत नाही. हा पट्टा स्वस्त असतो आणि बदलायला वेळ लागत नाही. ट्रे सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटून आणलेला प्लेअर मात्र महागात पडतो, कारण त्यात प्लॅस्टिकचे दाते तुटलेले असतात आणि त्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

डिस्कची अवस्था

प्लेअर निर्दोष असून डिस्क खराब असल्याचे आम्ही सांगितले, की अनेक ग्राहकांना ते पटत नाही, कारण डिस्क तर कपाटातून बाहेरच काढलेली नसते. कोकणात नेमकी तीच अडचण आहे. कागदी पाकिटात ओल धरून राहते, डिस्कवर राहिलेल्या बोटांच्या ठशांवर बुरशी येते, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातली डिस्क पाकिटाला चिकटते. अशी डिस्क कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून हलक्या हाताने धुवावी, स्वच्छ पाण्याने विसळावी आणि जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलगोल पुसू नये. प्लेअरमध्ये चुका दुरुस्त करण्याची जी व्यवस्था असते ती रेघेला आडवा जाणारा ओरखडा सहज सांभाळून घेते. रेघेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र सलग माहिती पुसतो आणि तिथे चित्राचे चौकोन पडतात. टूथपेस्टने घासण्याचा उपाय अनेकजण ऐकून येतात, तो टाळावा.

स्टुडिओने रेकॉर्ड करून दिलेली डिस्क आणि कारखान्यात छापलेली डिस्क यांत मूलभूत फरक आहे. छापलेल्या डिस्कची खालची बाजू चंदेरी असते आणि तिच्यातील खळगे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. रेकॉर्ड केलेल्या डिस्कची खालची बाजू बहुधा जांभळट दिसते, कारण तिच्यातील माहिती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली असते. ऊन, उष्णता आणि ओलावा यांनी हा थर हळूहळू फिका पडतो. त्यामुळे बाजारातून घेतलेला जुना चित्रपट नीट चालतो, पण त्याच पेटीतली लग्नाची डिस्क अडखळते, हा अनुभव खरा आहे आणि त्यात प्लेअरचा दोष नाही. डिस्कवर वधूवरांचे छायाचित्र असलेला कागदी स्टिकर लावण्याची पद्धत होती. तो स्टिकर दमट हवेत एका बाजूने सुटू लागला, की वेगाने फिरणारी डिस्क डगमगते आणि थरथरण्याचा आवाज येतो. डीव्हीडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा दोन चकत्या चिकटवून बनलेली असते, त्यामुळे स्टिकर ओढून काढू नये. तो तसाच ठेवून डिस्कची प्रत करून घ्यावी.

जे बिघाड नाहीत

लांबीच्या चित्रपटात साधारण मध्यावर चित्र क्षणभर गोठते आणि पुढे चालू लागते. ही तक्रार घेऊन आलेले प्लेअर आम्ही हात न लावता परत देतो. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डिस्कमध्ये ८.५ जीबी माहिती मावते. दुसऱ्या थरावर जाताना लेन्सला नव्याने नजर जुळवावी लागते, त्यात हा क्षण जातो.

आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांनी तिथून आणलेल्या डिस्कबाबत वेगळा प्रकार घडतो. चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले असून भारत विभाग ५ मध्ये, तर आखाती देश विभाग २ मध्ये मोडतात. इथल्या प्लेअरमध्ये तिथली डिस्क घातल्यास विभाग चुकीचा असल्याची सूचना येते आणि डिस्क चालत नाही. डिस्कच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या चित्रात हा अंक छापलेला असतो. अमेरिकेतून आणलेल्या प्लेअरच्या बाबतीत विभागाचा विचार नंतर करावा. आधी मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे का ते पाहावे. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिले असल्यास तो प्लेअर आपल्या बोर्डात थेट लावताच जळेल.

पेन ड्राइव्हमधील चित्रपट प्लेअरवर दिसत नाही, हीदेखील नेहमीची तक्रार आहे. यूएसबीची सोय असलेले बहुतेक जुने प्लेअर डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीच्या फाइल ओळखतात. मोबाइलवर काढलेले आजचे व्हिडिओ एच.२६४ किंवा त्याहून नव्या पद्धतीचे असल्याने ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी मात्र घर दणाणून सोडणारी, असे ऐकू येत असेल, तर प्लेअर सहा स्पीकरांचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांतून काढत असतो. प्लेअरच्या सेटअपमध्ये जाऊन आवाज ‘स्टिरिओ’वर आणावा आणि ‘डायनॅमिक रेंज’, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक, कमी करावी. रात्री वडीलधारी मंडळी झोपलेली असताना हा बदल विशेष उपयोगी पडतो.

नव्या टीव्हीला जुना प्लेअर

जाड टीव्ही जाऊन एलईडी टीव्ही आल्यानंतर “नव्या टीव्हीवर सगळेच काळे-पांढरे दिसते” अशी तक्रार सुरू झाली. अनेक टीव्हींच्या मागे हिरवे आणि पिवळे सॉकेट एकच असते. त्यात प्लेअरची पिवळी पिन लावून टीव्हीवर ‘एव्ही’ऐवजी ‘कंपोनंट’ निवडले गेले, की रंग निघून जातात. रिमोटवरून ‘एव्ही’ निवडताच रंग परत येतात. काही टीव्हींना पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांऐवजी एकच बारीक भोक असते आणि त्यासाठी टीव्हीसोबत एक छोटी जोडवायर दिलेली असते. तिच्या आतील जोडणीचा क्रम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याची वायर आणून लावल्यास आवाज येतो पण चित्र येत नाही. ही जोडवायर खोक्याबरोबर माळ्यावर टाकू नये.

ज्या टीव्हीला फक्त एचडीएमआयचे सॉकेट आहे, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो. मात्र तो ‘एव्हीतून एचडीएमआयकडे’ असा असावा. दिसायला हुबेहूब असणारा उलट दिशेचा कन्व्हर्टर घेऊन फसलेले ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात.

प्लेअरच्या सेटअपमध्ये चाळा करताना व्हिडिओ आउटपुट ‘प्रोग्रेसिव्ह’ (पिवळ्या वायरीतून न जाणारा चित्राचा प्रकार) झाले आणि घरी पिवळी वायर असेल, तर पडदा पूर्ण काळा होतो किंवा चित्र पळत राहते, आणि पडदाच दिसत नसल्याने बदल मागे घेता येत नाही. बऱ्याच रिमोटवर ‘व्ही-मोड’ असे बटण असते. डिस्क बाहेर काढून ते थोड्या-थोड्या वेळाने दाबत राहिल्यास चित्र परत येते. रिमोटच चालत नाही अशी शंका आल्यास मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर तो धरून बटण दाबावे. टोकाचा दिवा मोबाइलच्या पडद्यावर लुकलुकताना दिसला तर रिमोट चालू आहे.

किनाऱ्यालगतच्या घरांत पिनांवर आणि सॉकेटवर काळपट-हिरवा थर धरतो. त्यामुळे आवाज एकाच बाजूने येतो किंवा खरखर होते. वीज बंद करून प्रत्येक पिन सॉकेटमध्ये चार-पाच वेळा गोल फिरवली, की बहुधा काम भागते.

पावसाळ्यात ठेवण्याची पद्धत

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बाकी तयारी होते, त्यात या यंत्राचीही व्हावी. घर बंद करून जाणार असल्यास प्लेअरचा प्लग आणि टीव्हीची केबल दोन्ही काढून ठेवावीत. केवळ बोर्डावरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण विजेच्या कडकडाटात उसळलेला दाब त्या फटीतून उडी मारू शकतो आणि केबलवाटेही येतो. ट्रे रिकामा करून प्लेअर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता आला तर उत्तम. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यास आतली ओल आतच राहते. घरात कोणी राहत असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास तो चालवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने ओलावा हटतो आणि ट्रेचा पट्टाही मोकळा राहतो.

घरगुती चित्रणाच्या प्रती

घरच्या समारंभाच्या डिस्क अजून वाचता येतात तोवर त्यांची प्रत हार्ड डिस्कवर करून ठेवावी, असा आमचा सल्ला आहे, मग ती प्रत आमच्याकडे करा किंवा डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कोणत्याही संगणकावर करा. डिस्कमधील ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा संपूर्ण फोल्डर उतरवून घेतला, की मूळ दर्जा जसाच्या तसा राहतो. अडखळणारी डिस्क एका ड्राइव्हवर उघडली नाही तरी दुसऱ्यावर उघडते, म्हणून एका नकाराने ती फेकून देऊ नये. बाजारातील चित्रपटांच्या आणि नाटकांच्या डिस्कची प्रत आम्ही करून देत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ते हक्क निर्मात्यांकडे आहेत, तेव्हा कृपया तसा आग्रह धरू नये.

दुकानात येताना प्लेअरसोबत त्याचा रिमोट, वायर आणि ज्या डिस्कवर अडचण येते ती डिस्क अवश्य आणावी. लेन्स साफ करणे, पट्टा बदलणे आणि फुगलेले कपॅसिटर बदलणे ही कामे शक्यतो त्याच दिवशी होतात. लेसरचा संपूर्ण भाग बदलायचा असल्यास तो आधी मिळतो का हे पाहावे लागते, आणि त्याचा खर्च प्लेअरच्या किमतीच्या जवळ जात असेल तर आम्ही काम हाती घेण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगतो. दुरुस्त न होणारे प्लेअर समुद्रकिनारी, ओढ्यात किंवा कचऱ्यात न टाकता आमच्याकडे ठेवावेत. त्यांतील चालू भाग काढून घेऊन उरलेले आम्ही ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे पाठवतो.