अँब्युलन्स बुक करताना पेशंटची खरी कंडिशन सांगा (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मिरजेत हॉस्पिटल्स भरपूर, त्यामुळं जत, कवठेमहांकाळ, अथणीपासून पेशंट इथं येतात आणि इथनं पुढं पुण्या-मुंबईलाही हलवले जातात. त्या गडबडीत आम्हा अँब्युलन्सवाल्यांना फोनवर रोज ऐकायला मिळतं, "एक साधी गाडी पाठवा, पेशंट एकदम ओके आहे." गाडी पोचते, गाडीवर कामाला असलेला आमचा मुलगा स्ट्रेचर घेऊन वर आयसीयूत जातो आणि बघतो तर मास्कवर मिनिटाला १० लिटरनं ऑक्सिजन चालू, बाजूला दोन सिरिंज पंप, म्हणजे औषध हळूहळू शिरेत सोडणारी मशीनं. मग दुसरी गाडी मागवायची, डॉक्टर शोधायचा, तिकडं बिल भरून झालेलं असतं आणि नातेवाईक आमच्यावर चिडलेले, यात तास-दीड तास सहज जातो आणि तो तास पेशंटचा असतो.

आधी एक सांगतो. छातीत दुखतंय, ॲक्सिडेंट झालाय, माणूस बेशुद्ध पडलाय, तर आम्हाला नाही, १०८ ला फोन लावा. २०१४ पासून महाराष्ट्रात ती सेवा चालू आहे, पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. आमचं मुख्य काम म्हणजे एका हॉस्पिटलमधून दुसरीकडं शिफ्टिंग, डिस्चार्जनंतर घरी सोडणं आणि डायलिसिसची ने-आण.

सरकारच्या एआयएस १२५ या अँब्युलन्सच्या नियमात अँब्युलन्सचे चार प्रकार आहेत, तुमच्या कामाचे तीन. बी म्हणजे नुसती पेशंट नेणारी गाडी, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, डी म्हणजे ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट, जिला सगळे कार्डियाक म्हणतात. पैसे वाचावेत म्हणून लोक साधी सांगतात, आम्हालाही कळतं, हॉस्पिटलचं बिल भरून माणूस आधीच थकलेला असतो. पण हिशोब बघा. छोट्या बी टाइप सिलेंडरमध्ये (सिलेंडरचे बी-डी वेगळे, गाडीचे वेगळे) साधारण १५०० लिटर ऑक्सिजन बसतो, मिनिटाला १० लिटर लागत असेल तर अडीच तासात सिलेंडर रिकामा, म्हणजे पुण्याला निघालेला पेशंट साताऱ्याच्या आसपासच अडकणार. त्याला मोठा डी टाइप सिलेंडर लागतो, त्यात साधारण ७००० लिटर असतो. म्हणून आम्ही फोनवर ऑक्सिजन किती लिटरनं चालू आहे, व्हेंटिलेटर आहे का, सलाईनमधून बीपीचं औषध चालू आहे का, पेशंटचं वजन किती, कितवा मजला आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, एवढं विचारतो. ही चौकशी वाटते पण दोन मिनिटात होते. तुम्हाला माहिती नसेल तर फोन सरळ वॉर्डच्या सिस्टरकडं द्या.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "गाडीतल्या मुलाकडं लायसन्स आहे का?" विचारा, बिनधास्त विचारा, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत बसलात तरी विचारा. गाडीचं आरसी वेगळं, ड्रायव्हरचं लायसन्स वेगळं आणि पेशंटजवळ बसणाऱ्याचं शिक्षण वेगळं, ड्रायव्हरला ऑक्सिजनचा नळ फिरवता येतो म्हणून तो पॅरामेडिक होत नाही. केंद्राच्या २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदलेला आहे. आमच्या मुलांची सर्टिफिकेटं गाडीत फाईलला लावलेली असतात, मागितली की दाखवतील.

पण पॅरामेडिक म्हणजे डॉक्टर नव्हे. बीपी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), शुगर बघणं, सक्शन म्हणजे घशातला कफ ओढून काढणं, मान-पाठ न हलवता उचलणं, वेळ आली तर सीपीआर म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रयत्न, हे तो चांगलं करतो, बऱ्याचदा घाबरलेल्या नातेवाइकांना सांभाळून करतो. "आमच्या डॉक्टरांनी व्हॉट्सॲपवर सांगितलंय, एवढं इंजेक्शन टोच" म्हटलं तर तो नाही म्हणणार. त्याच्यावर रागावू नका, आम्हीच तसं सांगून ठेवलंय. लेखी ऑर्डर आणि गाडीत डॉक्टर असेल तरच पुढचं औषध. व्हेंटिलेटरचा पेशंट असेल तर आम्ही डॉक्टरशिवाय गाडी काढतच नाही, त्याचे पैसे वेगळे लागतात आणि ते निघायच्या आधी सांगतो, रस्त्यात वाढवत नाही. कोणी याच पेशंटला कमी पैशात नेतो म्हणत असेल तर आत कोण बसणार एवढं नक्की विचारून घ्या.

निघताना रेफर लेटर, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचे रिपोर्ट हातात ठेवा, आणि पुढच्या हॉस्पिटलमध्ये बेड आहे हे तिथल्या माणसाशी बोलून पक्कं करा, "ओळखीचे आहेत, होईल" यावर चार तासाचा प्रवास करू नका.

डायलिसिसवाल्यांनी आठवड्याचे वार आधी सांगून ठेवले तर शक्यतो तोच ड्रायव्हर आणि तोच मुलगा येतो, जिना कसा आहे, आजोबांचा कुठला गुडघा दुखतो हे त्यांना माहीत होतं, आणि ठरलेल्या फेऱ्यांना रेटही आम्ही कमी लावतो.