पेट्रोल वाचवणारी डबी: जुन्या आशेची पार्श्वभूमी

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून गोव्यात गाडीवाल्यांच्या तोंडी एकच विषय आहे: ॲव्हरेज पडले. तक्रार खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि पुढे ई-10 साठी, म्हणजे 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या मोटारींचे ॲव्हरेज ई-20 वर 6 ते 7 टक्के उतरेल, हे नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेले होते. म्हणजे लिटरला 16 देणारी जुनी गाडी 15 वर येणार. तो गेलेला एक किलोमीटर परत आणून देतो, वर आणखी चार देतो, असे सांगणाऱ्या डब्या मग स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसू लागतात. कुठे पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक, कुठे हवेच्या पाइपात घालायचा पत्र्याचा पंखा, कुठे स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचा प्लग. पेट्रोल महागले किंवा ॲव्हरेज पडले की या वस्तू येतात. गेली शंभर वर्षे हेच चालले आहे.

या गोष्टीतले सगळ्यांत गाजलेले नाव कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोगचे. पेट्रोल तुषारांच्या रूपात इंजिनात सोडण्याऐवजी त्याची आधी पूर्ण वाफ करायची, या कल्पनेवर त्याने 1930 च्या दशकात कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाची, पेटंटे घेतली. गॅलनला 200 मैलांच्या बातम्या छापून आल्या. आपल्या हिशेबात लिटरला 70 किलोमीटर. त्या काळच्या थोराड मोटारी लिटरला सहा-सात देत आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा भाग चाकापर्यंत पोचवत. उरलेली सगळी उष्णता चाकाला लागली असती, जे कुठल्याच इंजिनात होत नाही, तरी आकडा पस्तिशीच्या आसपास थांबला असता. सत्तर कुठून येणार? तरीही तेल कंपन्यांनी तो शोध दाबून टाकला, ही वदंता आजही गॅरेजमध्ये ऐकू येते. ती ऐकली की मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. पेटंट म्हणजे कुलूप लावून ठेवलेला कागद नसतो. त्याची आकृती आणि वर्णन सगळ्यांना वाचता येते. पोगच्या पेटंटांची मुदत कधीच संपली. तो कार्बोरेटर खरोखर 70 देत असता तर मोपेड विकणाऱ्या एखाद्या कारखान्याने तो कधीच बसवला असता.

पण कार्बोरेटरच्या काळात या दाव्यांना थोडा पाया होता, हे मान्य केलेच पाहिजे. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे 14.7 किलो हवा लागते. कार्बोरेटर हे प्रमाण जेट, फ्लोट आणि स्क्रूच्या भरवशावर सांभाळायचा, आणि ते सहसा पेट्रोलच्या बाजूला झुकलेले असायचे. जेट झिजले, चोक अडकला, फिल्टर तुंबला की सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास. अशा गाडीत कार्बोरेटरखाली थोडी जास्त हवा घेणारी एखादी वस्तू बसवली तर मिश्रण पातळ व्हायचे आणि ॲव्हरेज खरोखरच थोडे वाढायचे. त्याबरोबर पिकअप मरायचा, चढावर इंजिन खडखडायचे, मिश्रण फारच पातळ झाले तर व्हॉल्व्ह जळायचे. चांगला मिस्त्री जे काम एअर स्क्रू फिरवून पाच मिनिटांत करायचा, तेच ही डबी आडवळणाने करत होती.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. दरवाढीचा निषेध म्हणून त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. आपल्याकडे इंधनबचतीच्या कामासाठी 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, उभी राहिली. अमेरिकेत त्या वर्षांत बचत-यंत्रांचा सुळसुळाट झाला आणि सरकारने त्यांची तपासणी पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, ईपीएकडे दिली. या संस्थेने शंभराहून अधिक वस्तू तपासल्या किंवा त्यांच्या दाव्यांची छाननी केली. लक्षणीय बचत करणारी एकही सापडली नाही. ज्या मोजक्यांनी थोडासा फरक दाखवला, त्यांतली एक होती ती जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर एसीचा कॉम्प्रेसर बंद करणारी. पेट्रोल वाचले ते एसी थांबल्यामुळे. ते काम तर आपले बोटही करते.

याच दशकात, या गोंगाटापासून दूर, खरा बदल घडला. 1976 मध्ये बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आला. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते हा सेन्सर सांगतो आणि संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करून 14.7 चे प्रमाण राखतो. आपल्याकडे हे तंत्र प्रदूषणाच्या नियमांच्या मागून आले. 2000 च्या आसपास मोटारी कार्बोरेटर सोडून एमपीएफआयवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनवर, गेल्या, आणि 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झाल्यावर बहुतेक स्कूटर आणि मोटरसायकलींनाही इंजेक्शन आले. व्यवस्थित चालणाऱ्या अशा इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी 98 टक्क्यांहून अधिक जळूनच जाते.

विक्रेत्याची सगळी भाषा इथेच निसटते. 'तुमचे 70 टक्के पेट्रोल वाया जाते,' असे तो सांगतो. आकडा फारसा चुकीचा नाही. पण ते पेट्रोल न जळता वाया जात नाही. ते जळते आणि त्याची उष्णता रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. चुंबक लावून पेट्रोलचे रेणू 'मोकळे' केले, असे घटकाभर मानले, तरी आणखी चांगले जळायला शिल्लक आहे ते दोन टक्क्यांहूनही कमी. त्यातून 30 टक्के बचत कशी काढणार? हवेच्या पाइपातला पत्र्याचा पंखा तर वाटेतला अडथळा असतो. जास्त हवा आत सोडणारी वस्तू लावली तर सेन्सरला वाढलेला ऑक्सिजन दिसतो आणि संगणक पेट्रोल वाढवून प्रमाण पुन्हा होते तिथे आणतो. कार्बोरेटरच्या काळात ज्या फटीतून थोडा फायदा निघत होता, ती फट आता कारखान्यातच बुजवलेली असते.

पाण्यावरच्या किटांची कथा याहून दुःखद आहे, कारण त्यांना पैसेही जास्त लागतात. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढायचा आणि तो इंजिनात जाळायचा. ही वीज अल्टरनेटर, म्हणजे गाडीतले जनित्र, देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवते, इंजिन पेट्रोल खाते. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते, त्यामुळे हायड्रोजन जळून परत मिळते ते खर्च केलेल्याहून कमीच. 'पाण्यावर चालणारी गाडी' दाखवणाऱ्या स्टॅन्ली मेयरविरुद्ध गुंतवणूकदार न्यायालयात गेले, आणि 1996 मध्ये ओहायोतल्या न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरवली. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लेने झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याचे सांगून देश हलवून सोडला होता. ते पेट्रोलियम पदार्थांचेच मिश्रण निघाले, आणि शिक्षा व्हायला 2016 उजाडले.

सॉकेटात खुपसायचा प्लग मी फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये उघडलेला पाहिला आहे. गिऱ्हाईक तो काढून टाकायला आले होते. मिस्त्रीने बारीक स्क्रू ड्रायव्हरने प्लास्टिकचे कवच उचकटले. आत नखाएवढी सर्किटची पट्टी, एक चिप, एक बटण आणि तीन एलईडी. गाडीच्या संगणकाशी बोलायला ज्या पिना लागतात, त्यांच्यापासून पट्टीकडे एकही तार गेलेली नव्हती. दिवे मात्र सुंदर लुकलुकत होते. 'पात्रांव, हाका फकत करंट मेळटा,' मिस्त्री म्हणाला. याला फक्त करंट मिळतो, बस.

मग 'मला फरक पडला' असे प्रामाणिक माणसे का सांगतात? त्यांच्या प्रामाणिकपणावर मला मुळीच शंका नाही. टाकी फुल ते टाकी फुल, हे आपले माप. समजा गाडी 320 किलोमीटर चालली आणि 20 लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज 16. पण पंपावर गाडी थोडी उतारावर उभी होती, नोझल लवकर कट झाला आणि 19 लिटरच बसले, तर कागदावर 16.8 येते. गाडीत काहीच बदललेले नसताना पाच टक्के वाढ. त्यात डबी बसवताना मिस्त्री प्लग साफ करतो, फिल्टर झटकतो, टायरमध्ये हवा भरतो. आणि पैसे मोजलेला माणूस पुढचे काही दिवस ॲव्हरेजवर डोळा ठेवून हलक्या पायाने गाडी चालवतो. पीसीआरए वर्षानुवर्षे तेच सांगते आहे: ताशी 45 ते 55 चा वेग ठेवा, टायरची हवा तपासा, उभी गाडी बंद करा.

गोव्याने एकदा पेट्रोल स्वस्त होतानाही पाहिले आहे. मनोहर पर्रीकरांनी 2012 च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला आणि लिटरमागे 11 रुपये उतरले. सावंतवाडी-दोडामार्गची माणसे टाकी भरायला इकडे येत होती. त्या दिवसांत ॲव्हरेजचा विषय कुणाच्या तोंडी मला फारसा ऐकू आला नाही.

माझे काका म्हापसा-पणजी टॅक्सी चालवायचे. पेट्रोलवरची ॲम्बेसेडर, आणि डॅशबोर्डच्या खणात निळ्या कव्हरची वही. किती लिटर भरले, किती किलोमीटर झाले, रोज. 1986 च्या उन्हाळ्यात त्यांनी कार्बोरेटरखाली बसवायची पितळेची चकती घेतली होती, कारण विकणाऱ्याने लिटरला दोन किलोमीटर जास्त मिळतील असे शपथेवर सांगितले होते. वहीत मेपर्यंत 8.4, चकतीनंतर 8.6, पुन्हा 8.3, असे आकडे आहेत. 5 जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला. गाड्या बेतीच्या फेरीबोटीच्या रांगेत उभ्या राहू लागल्या, इंजिन चालू, दर चार मिनिटांनी दहा फूट पुढे. काकांच्या अक्षरात जुलैचा आकडा 6.1 आहे. चकती तिथेच होती. पुढे काकांनी रांगेत इंजिन बंद करायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरच्या पानावर 7.5 लिहून त्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या.